चांदीच्या रुपयावरचा रंग : काळाने चढवलेला की माणसाने?

गोंदिया : दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडे घरोघरी एक काम ठरलेले असते. पेटीच्या तळातून लाल कापडाची पुरचुंडी निघते, तिच्यातून लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये निघतात आणि "काऊन बा, एवढे काळे काऊन पडले?" म्हणत कुणीतरी चिंचेचा कोळ नाहीतर चुलीतली राख घेऊन घासायला बसते. आता तर सरळ टूथपेस्टच. पाच मिनिटांत रुपया पांढराशुभ्र, घरचे खूश.

दुसरीकडे मोबाइलवर वेगळाच बाजार भरलेला असतो. व्हिक्टोरिया राणीचा रुपया, पण रंग मोरपिसासारखा. कडेला निळा, मग जांभळा, मधे सोनेरी. खाली लिहिलेले, 'शंभर वर्षांचे नैसर्गिक टोनिंग, दुर्मिळ'. किंमत साध्या रुपयाच्या कितीतरी पट.

म्हणजे जो रंग आपण घरी घासून नालीत सोडतो, त्याच रंगासाठी बाजारात जादा पैसे मागितले जातात. आणि जादा पैसे मिळतात म्हटल्यावर तो रंग एका रात्रीत चढवून देणारेही तयार झाले आहेत. खरा कोणता आणि चढवलेला कोणता, हे ओळखता आले तर दोन नुकसाने टळतात. घरचा चांगला रुपया खराब होत नाही आणि बाहेरचा रंगवलेला रुपया गळ्यात पडत नाही.

चांदी काळी का पडते

आधी एक गैरसमज. चांदीला गंज चढतो असे आपण म्हणतो आणि काळ्या केलेल्या दागिन्यांना दुकानात 'ऑक्सिडाइज' म्हणतात. खरे तर त्या काळेपणात ऑक्सिजनचा वाटा फारसा नसतो. चांदीचे वैर आहे गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी थोडा असतो. कुजका पालापाचोळा, सांडपाण्याच्या नाल्या, कोळशाचा धूर यांतून तो येतो. तो चांदीला लागला की वर सिल्व्हर सल्फाइडचे पातळ पुट चढते. हवेत दमटपणा असेल तर काम लवकर होते, आणि आपल्या धानपट्ट्यातला पावसाळा किती दमट असतो हे सांगायला नको.

आता गंमत पहा. हे पुट काळे असते, मग निळा-जांभळा रंग येतो कुठून? पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोर साचलेल्या पाण्यावर डिझेल सांडले की इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. डिझेलमध्ये काही तो रंग नसतो. पातळ थराच्या वरून परतणारा प्रकाश आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग मरतात, काही उठून दिसतात. रुपयावर तेच होते. एका मिलिमीटरचे लाख भाग केले, तर त्यातल्या मोजक्या भागांएवढी या पुटाची जाडी. जाडी बदलली की रंग बदलतो.

म्हणूनच या रंगांना क्रम असतो. पहिल्यांदा फिकट पिवळी झाक येते, जुन्या कागदासारखी. मग ती सोनेरी-तपकिरी होते, मग तांबूस, मग जांभळट, मग निळी. पुट आणखी वाढले की आकाशी होऊन पुन्हा पिवळा, गुलाबी आणि शेवटी हिरवा. त्यापुढे राखाडी आणि काळा. हिरवा हा फार उशिरा येणारा रंग आहे. पुढची सगळी ओळख या क्रमावर उभी आहे, म्हणून एवढे लक्षात ठेवाच.

पडताळून पाहायचे असेल तर तुटक्या पैंजणाचा नाहीतर जोडव्याचा तुकडा घ्या, पांढराशुभ्र घासा आणि उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकासोबत एका डबीत झाकून ठेवा. अंड्यात गंधक असतेच. थोड्या थोड्या वेळाने पाहत राहिले की पिवळा, तांबूस, निळा असे रंग डोळ्यांसमोर फिरतात. मात्र हा प्रयोग रुपयावर करू नका. रुपयावर केला तर त्यालाच बनावट टोनिंग म्हणतात.

आपल्या घरातले रुपये कुठे ठेवलेले असतात

ब्रिटिशकाळातला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर जुना एक तोळा, ११.६६ ग्रॅम. पुढे १९४० पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबे असे. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयांत चांदी निम्मीच, उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. घरात 'आजीचे चांदीचे' म्हणून जपलेल्या रुपयांत निम्म्या चांदीचे बरेच असतात, म्हणून साल पाहून घ्या. या निम्म्या चांदीच्या रुपयांवर बहुतेक वेळा मळकट राखाडी पुट चढते. त्यांच्यावर झगझगीत इंद्रधनुष्य दिसले की मला आधी शंकाच येते.

रुपया कुठे पडून होता त्यावर त्याचा रंग ठरतो. कागदात किंवा कापडात गुंडाळलेल्या रुपयाला हवा कडेने लागते, म्हणून पुट कडेला जाड आणि मधे पातळ. रंगही तसेच, कडेला निळा-जांभळा, आत येताना तांबूस, मधे सोनेरी किंवा साधी चांदी. क्रम उलटा वाचला तरी तोच. गठ्ठ्यात एकावर एक ठेवलेल्या रुपयांवर शेजारच्या नाण्याची चंद्रकोरीसारखी खूण राहते. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला रुपया डागाळतो. रबर बँडमध्येही गंधक असते, म्हणून रबर बँड लावून ठेवलेल्या रुपयावर काळा पट्टा उमटतो. हे सगळे नैसर्गिकच, फक्त सुंदर नाही.

चुलीच्या वरच्या फळीवर किंवा धानाच्या कोठीत ठेवलेल्या रुपयावर बसते ती बरेचदा काजळी. तेल, धूर आणि धूळ यांचा चिकट थर. त्यात इंद्रधनुष्य नसते. पूजेतल्या रुपयाच्या अक्षरांत हळद-कुंकू अडकलेले असते.

आणि आपल्या भागाचा खास प्रकार म्हणजे माळेतले रुपये. गोंड, हलबी आणि इतरही समाजांतल्या बायकांच्या गळ्यात चांदीच्या रुपयांच्या माळा असत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जुन्या घरांत अजूनही सापडतील. अशा रुपयाला वरच्या कडेवर डाख देऊन कडी बसवलेली असते. अंगाला लागणारी बाजू घामाने आणि घासून गुळगुळीत झालेली, बाहेरची बाजू थोडी बरी. माळ मोडली की कडी काढतात आणि डाखाची जागा कानशीने घासून साफ करतात. माळेतला रुपया म्हणून त्याला मान आहे, पण संग्राहकाच्या नजरेत तो दुरुस्त केलेला रुपया. किंमत चांदीच्या आसपास.

इथेच रंगवणाऱ्याचा धंदा सुरू होतो.

रंग चढवतात तो काहीतरी झाकायला

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी नागपुरात एका विक्रेत्याकडून मी सातव्या एडवर्डचा एक रुपया घेतला. राजाच्या डोक्यामागे गडद निळा रंग, खाली जांभळा, फार देखणा. साध्या रुपयाच्या तिप्पट पैसे मोजले. घरी आल्यावर उन्हात भिंगाखाली धरला तेव्हा वरच्या कडेवर, बारा वाजता काटा असतो तिथे, कड थोडी चपटी दिसली. कानशीच्या रेघाही होत्या. माळेतला रुपया होता. डाखाची जागा झाकायलाच सगळा निळा रंग तिकडे ओतला होता. चूक माझीच. रंगाकडे पाहत बसलो, रुपयाकडे पाहिलेच नाही.

नंतर विचार केल्यावर एक साधी गोष्ट उमजली. डाखाचा धातू वेगळा, त्यात तांबे-जस्त जास्त. काळाने पुट चढले असते तर त्या जागेवर रंग वेगळा दिसला असता, डाग म्हणून उठला असता. दोन धातूंवर एकसारखा निळा रंग चढणे, हे काळाचे काम नव्हे.

रंगाखाली झाकण्याजोग्या गोष्टी तीनच असतात. एक, घासलेला रुपया. चिंच-राखेने घासल्यावर त्याचा मूळ पृष्ठभाग जातो, तो पांढरा आणि मेलेला दिसतो. दोन, दुरुस्ती, म्हणजे डाख, बुजवलेले भोक, घासलेली कड. तीन, मुळातच खोटा रुपया. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, त्यामुळे त्याच्या नकला होतात, दुसऱ्या सालाचा आकडा कोरून १९३९ केलेलेही असतात. अशा नाण्यावर गडद पुट दिले की आकड्याभोवतीची कारागिरी दिसत नाही.

रंग चढवण्याचे मार्ग काही गुप्त नाहीत. दागिने काळे करायला कारागीर जे पोटॅशियम सल्फाइडचे पाणी वापरतात, तेच. नाहीतर गंधकाची भुकटी, आयोडीन, आच. मापे मी इथे देणार नाही. आपल्या कामाचे एवढेच की हे सगळे घाईचे मार्ग आहेत, आणि घाई रुपयावर दिसते.

घाई कशी दिसते

पहिली गोष्ट, रुपया ट्यूबलाइटखाली पाहू नका. सकाळच्या उन्हात अंगणात उभे राहा, कडेने धरा आणि हळूहळू कलता करा. टाकसाळीतून निघाल्यावर फारसा हाताळला न गेलेला रुपया कलता केला की त्याच्यावर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी चमक फिरते. खरे पुट पातळ आणि पारदर्शक असते, त्यामुळे ही चमक रंगाच्या खालूनही फिरताना दिसते, रंगही जरा जरा बदलतो. चढवलेला रंग बहुधा वर बसल्यासारखा वाटतो. कलता केला तरी ढिम्म, ऑइल पेंट दिल्यासारखा. वापरून झिजलेल्या रुपयावर अशी चमक नसतेच, हे मात्र ध्यानात असू द्या. तिथे ही परीक्षा चालत नाही. आणि झिजलेल्या रुपयावर मोरपंखी रंग कशासाठी हवा, हा प्रश्न उरतोच.

मग क्रम पहा. कडेपासून आत येताना निळा, जांभळा, तांबूस, सोनेरी असे रंग एकमेकांत विरघळत आले पाहिजेत. निळ्याच्या शेजारी एकदम कोरी पांढरी चांदी, मधे ना तांबूस ना पिवळा, असे असेल तर पुट हळूहळू वाढलेलेच नाही, तिथे थेट लावले आहे. उशिराने येणारा हिरवा सुट्टा ठिपका होऊन बसला असेल तर तेच. रंगाचे ओघळ दिसले, थेंबाचा गोल दिसला, कापसाच्या बोळ्याचा फराटा दिसला, तर पुढे पाहायचीही गरज नाही.

तिसरी जागा म्हणजे अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या कडा. कागदात ठेवलेल्या रुपयावर उंच अक्षरांना लागून बरेचदा एक बारीक उजळ रेघ राहते, तिथे पुट कमी चढलेले असते. द्रवात बुडवलेल्या रुपयावर याच्या अगदी उलट होते. द्रव अक्षरांच्या खोबणीत साचतो आणि तिथेच रंग सर्वांत गडद होतो. घासून मग रंगवलेल्या रुपयावर भिंगाखाली केसासारख्या बारीक रेघा दिसतात, एकाच दिशेने गेलेल्या, आणि रंग त्या रेघांच्या आतही उतरलेला असतो. म्हणजे आधी ओरखडे, मग रंग. रेघा एकट्याने पुरावा ठरत नाहीत, कारण शंभर वर्षांपूर्वी कुणी घासलेला रुपया पुन्हा आपोआप काळा पडू शकतो. पण रेघा, चुकलेला क्रम आणि वर मोठी किंमत असे तिन्ही एकत्र आले की रुपया परत देऊन टाका.

वासही घेऊन पहा, हसू नका. ताजे काम असेल तर गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास काही दिवस राहतो.

शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये रुपया थोडा वेळ ठेवला तर खऱ्या सल्फाइडच्या पुटाला काही होत नाही. वार्निश, लाख, तेल, काजळी किंवा शाई-रंग असेल तर ते सुटते. मात्र नेलपॉलिश काढायचे द्रावण म्हणजे शुद्ध अ‍ॅसिटोन नव्हे, त्यात तेल-सुवास मिसळलेले असतात. शिवाय हा पदार्थ भडकन पेट घेतो, चुलीजवळ किंवा देवासमोरच्या दिव्याजवळ बाटली उघडू नका. आणि अ‍ॅसिटोनने रंग गेला नाही म्हणजे रंग खरा, असेही समजू नका. गंधकाने चढवलेले पुटही सल्फाइडच असते, तेही टिकते.

रसायन तेच असल्यामुळे काही रुपयांबाबत जाणकारांचेही एकमत होत नाही. अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या नाणी तपासून सीलबंद डबीत देतात. तिथेही 'रंग शंकास्पद' असा शेरा आहे, म्हणजे खोटा असे छातीठोक सांगत नाहीत, पण ग्वाहीही देत नाहीत. रंगीत चांदीच्या नाण्यांचे हे वेड वाढले तेही तिकडेच. तिथले मॉर्गन डॉलर हजार-हजारांच्या जाड कापडी पिशव्यांत सरकारी तिजोऱ्यांत पडून होते. १९६० च्या दशकात पिशव्या मोठ्या प्रमाणावर बाहेर आल्या, तेव्हा कापडाला चिकटून राहिलेल्या काही नाण्यांवर सुंदर रंग चढलेले निघाले. आपल्याकडचे रुपये मात्र हातोहात फिरले, माळेत ओवले गेले, पूजेत घासले गेले. त्यामुळे आपल्या रुपयावर असा रंग मिळणे अवघड, आणि जो मिळतो तो नीट तपासून घेण्याजोगा.

'शेतात सापडला' म्हणणाऱ्यांबद्दल

विकताना एक गोष्ट हमखास सांगतात. बांधी खोदताना मडके लागले, त्यात हा रुपया होता. जमिनीत पुरलेल्या रुपयावर मोरपंखी रंग राहत नाही. त्यातले तांबे ओलीने बाहेर येते आणि हिरवट थर धरते, मातीतल्या क्षारांमुळे चांदीवर राखाडी, मेणासारखा थर येतो, माती खोबणीत घट्ट बसते. मडक्याची कथा आणि इंद्रधनुष्याचा रंग एकाच रुपयाला एकत्र चिकटवता येत नाहीत.

आणि कथा खरी असेल तर प्रकरण आणखी नाजूक आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेले, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. घरकुलासाठी जुनी मातीची भिंत पाडताना निघालेले मडकेही यात येते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालीही येते, ते परवानगीशिवाय परदेशात पाठवता येत नाही. दुबईतल्या भाच्याला भेट म्हणून देण्याआधी एवढे ठाऊक असावे.

मोबाइलवरच्या 'जुने नाणे द्या, लाखो घ्या' जाहिरातींचेही तेच. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन, कर मागितला जातो. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते की ती अशा व्यवहारात पडत नाही आणि कुणाला पैसे गोळा करायला नेमलेले नाही.

मग घरच्या रुपयांचे काय करायचे

बहुतेक घरांतले रुपये झिजलेले आणि नेहमीच्या सालांचे असतात. त्यांची किंमत चांदीएवढी, वर थोडी. त्यांचे टोनिंग खरे की खोटे याने भावात फारसा फरक पडत नाही. पण पुरचुंडीत एखादाच असा निघतो, ज्याच्यावरची राणीच्या वस्त्रावरची नक्षी अजून स्पष्ट आहे आणि कडेला हलकी सोनेरी-निळी झाक आहे. नेमका तोच चिंचेत जातो. कारण काळा दिसतो.

विकायची वेळ आली, लग्न आहे, दवाखाना आहे, तर आधी सोनाराच्या काट्यावर एक-एक रुपया वेगळा तोलून घ्या. नवा तोळा दहा ग्रॅमचा, जुना ११.६६ चा. हिशेब ग्रॅममध्येच करायचा. १९४० च्या आधीच्या पूर्ण वजनाच्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, नंतरच्यात ५.८ च्या आसपास. झिजलेल्यात थोडी कमी. दोन्ही प्रकारचे रुपये एकाच ढिगात टाकून सरसकट निम्म्या चांदीचा भाव लावला जातो, तिथे खरे नुकसान होते. नक्षी स्पष्ट असलेले रुपये वेगळे काढा आणि वितळवायला देण्याआधी एखाद्या नाणी संग्राहकाला दाखवा. अभ्यासाची आवड असेल तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था या दोन जागा आहेत.

पूजेसाठी एक नवा चांदीचा शिक्का वेगळा ठेवला की जुन्यांना हात लावायची गरज पडत नाही. पूजेत जुनाच हवा असेल तर नंतर साध्या पाण्यात धुवा आणि सुती कापडाने टिपून कोरडा करा, चोळू नका. प्रत्येक रुपया वेगळ्या, स्वच्छ कागदी पाकिटात, बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी सोबत. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, ती नकोत. रबर बँड तर नकोच नको.

माझा तो निळा एडवर्ड अजून माझ्याकडे आहे. परत करायला गेलो तेव्हा विक्रेता म्हणाला, "भाऊ, आम्ही तर रंगासकटच दिला होता." आता कुणी टोनिंगबद्दल विचारले की मी त्यांच्या हातात तो आणि एक भिंग देतो, आणि वरची कड पाहायला सांगतो.